कालवा एक, वाटा अनेक

परवा मडगावहून माझा मावसभाऊ आला तो दोन रंगीत पत्रके घेऊनच. नोकरीतून निवृत्त झाला आहे, मुले मार्गी लागली आहेत, आता एकदा दोघांनी मोठ्या बोटीतून लांबचा प्रवास करावा असे वहिनींच्या मनात आहे. दोन्ही पत्रके समुद्रपर्यटनाची. दोन्ही बोटी भूमध्य समुद्रातून निघून सुएझ कालव्यातून लाल समुद्रात उतरणार आणि दुबईला पोहोचणार. एक मार्सेलिसहून सुटते, दुसरी अथेन्सजवळच्या पिरेयसहून. भाड्यात फरक थोडा, दिवसांत फरक तीन-चारांचा.

"तू इतिहासाचे वाचत असतोस, तूच सांग यातली कुठली घेऊ. मला तर दोन्ही सारख्याच दिसतात," तो म्हणाला.

पत्रके माझ्याकडेच ठेवून तो गेला. दोन दिवस ती टेबलावर पडून होती आणि माझ्या मनात एकच विचार घोळत होता, की हा प्रश्न काही आजचा नाही. मुंबई बंदरातून विलायतेला जाणाऱ्या आपल्या माणसांसमोर जवळजवळ शंभर वर्षे हाच प्रश्न होता. बोट कुठलीही घ्या, मुंबई, एडन, सुएझ, पोर्ट सैद ही चार नावे ठरलेलीच. फरक असायचा तो कालवा संपल्यावर. आणि त्या फरकाने कुणाकुणाच्या आयुष्यात काय काय घडवले हे पाहू लागलो, की त्या दोन पत्रकांकडे नुसते सहलीची जाहिरात म्हणून पाहवत नाही.

थोडे मागे जाऊ. आम्हा गोमंतकीयांना लिस्बनची वाट माहीत होती ती आफ्रिकेला वळसा घालून येणारी. पोर्तुगीज गलबते केप ऑफ गुड होपवरून यायची आणि वाऱ्याच्या मर्जीवर चालायची. फ्रान्सिस झेवियर 7 एप्रिल 1541 रोजी लिस्बनहून निघाले ते 6 मे 1542 रोजी गोव्याला पोहोचले. वाटेत मोझांबिकला मुक्काम पडला होता हे खरे, तरी तेरा महिने ते तेरा महिने!

वाफेची बोट आली तेव्हा जुनी तांबड्या समुद्राची वाट पुन्हा जागी झाली. मुंबईत बांधलेली 'ह्यू लिंडसे' ही आगबोट 20 मार्च 1830 रोजी मुंबईहून निघाली आणि 22 एप्रिलला सुएझला लागली. पण सुएझला समुद्र संपायचा. पुढे उंटावरून किंवा घोडागाडीतून वाळवंट ओलांडून कैरो गाठायचे, तिथून अलेक्झांड्रियाला जायचे आणि दुसऱ्या बोटीत बसायचे. पुढे कैरो ते सुएझ आगगाडी झाली, तरी बोट बदलणे काही सुटले नाही.

या जुन्या वाटेच्या अगदी शेवटच्या दिवसांत आपला एक मोठा माणूस गेला. नावेलीचे डॉ. फ्रान्सिश्कु लुईश गोमिश हे पोर्तुगालच्या संसदेत गोव्याचे प्रतिनिधी होते आणि 'उश ब्रामानिश' या कादंबरीचे लेखक. पणजीच्या कांपालवरील बाग त्यांच्या नावाची आहे. प्रकृती ढासळल्यावर ते घरी यायला निघाले आणि 30 सप्टेंबर 1869 रोजी वाटेत जहाजावरच वारले. वय अवघे चाळीस. बरोबर 48 दिवसांनी, 17 नोव्हेंबर 1869 रोजी, सुएझ कालवा जहाजांना खुला झाला. कालवा आधी झाला असता तर ते वाचले असते असे म्हणण्यात अर्थ नाही. पण या दोन तारखा शेजारी ठेवल्या की मन हळहळते खरे.

कालव्याने काय केले ते आकड्यांत सांगायचे तर लंडन-मुंबई अंतर सुमारे 19,800 किलोमीटरवरून सुमारे 11,600 किलोमीटरवर आले. दोन्ही समुद्रांची पातळी जवळजवळ सारखीच, त्यामुळे पनामासारखे पाण्याचे दरवाजे इथे लागत नाहीत. बोट एका टोकाने शिरते आणि ताफ्यात, एकामागून एक अशी हळूहळू चालत दुसऱ्या टोकाला बाहेर पडते. सुरुवातीला कालवा 164 किलोमीटर लांब होता आणि खोली जेमतेम आठ मीटर. आज लांबी 193 किलोमीटर आणि खोली 24 मीटर. आधी बोटी फक्त दिवसाउजेडी जात. 1887 पासून विजेचे दिवे असलेल्या बोटींना रात्रीही परवानगी मिळाली. हे सगळे खणले कुणी? पहिली काही वर्षे इजिप्तच्या खेड्यांतून सक्तीने धरून आणलेल्या शेतकऱ्यांनी. त्यांना पाणी मिळावे म्हणून नाईलपासून वेगळा गोड्या पाण्याचा कालवा काढावा लागला. आजही कालव्याच्या पश्चिमेला हिरवळ आणि पूर्वेला सिनाईची वाळू दिसते, ती त्या पाण्याची किमया.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. मुंबईहून सुटणारी पी. अँड ओ. कंपनीची बोट कालवा ओलांडून भूमध्य समुद्रात आली की प्रवाशांसमोर दोन वाटा असत. पहिली, बोटीतच बसून राहायचे. जिब्राल्टरवरून, बिस्केच्या खवळलेल्या उपसागरातून थेट लंडनजवळच्या टिलबरीपर्यंत. दुसरी, मार्सेलिसला उतरायचे आणि आगगाडीने फ्रान्स ओलांडून इंग्लिश खाडीवर पोहोचायचे. या दुसऱ्या वाटेने जवळजवळ आठवडा वाचायचा आणि बिस्केचे उलट्या आणणारे हेलकावेही चुकायचे. खर्च मात्र जास्त. टपालाच्या पिशव्या तर पहिल्या महायुद्धापर्यंत इटलीतील ब्रिंदिसीच्या वाटेने जात, कारण तिथून आगगाडी आणखी लवकर पोहोचवायची. शिवाय त्रिएस्त शहराची लॉइड त्रिएस्तिनो ही कंपनी होती. तिच्या बोटी इटलीच्या बंदरांना जात. म्हणजे कालवा एकच, पण पोर्ट सैदनंतर त्याला फाटे फुटत.

बोटीत कुठल्या बाजूची खोली घ्यावी हासुद्धा विचार होता. विलायतेहून येताना डावी, विलायतेला जाताना उजवी, म्हणजे ऊन कमी लागते. याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून 'पॉश' हा शब्द झाला असे सांगतात. आपण मराठीतही तो सर्रास वापरतो. गोष्ट गोड आहे, पण तसे छापलेले एकही तिकीट आजवर कुणाला सापडलेले नाही. दंतकथा म्हणूनच ती ऐकावी.

खोलीची बाजू हा चैनीचा प्रश्न झाला. उतरायचे बंदर मात्र कधी कधी इतिहासाचा प्रश्न होऊन बसते. 1 जुलै 1910 रोजी स्वातंत्र्यवीर सावरकरांना कैदी म्हणून 'मोरिया' बोटीने लंडनहून हिंदुस्थानकडे रवाना केले. प्रवासी मार्सेलिसपर्यंत आगगाडीने जात, पण राजकीय कैद्याला फ्रान्सच्या भूमीवरून कसे नेणार? म्हणून सगळी वाट समुद्राची. तरीही बोट मार्सेलिसला लागलीच. लंडनच्या पोलिसांनी फ्रेंच पोलिसांना आधीच पत्र लिहून सावध केले होते. 8 जुलैच्या सकाळी सावरकरांनी बोटीच्या लहानशा गोल खिडकीतून उडी घेतली, पोहत धक्का गाठला आणि फ्रान्सच्या भूमीवर पाय ठेवला. त्यांना पुन्हा पकडून बोटीवर आणले गेले, पण ते पकडणे कायदेशीर होते का, हा वाद हेगच्या आंतरराष्ट्रीय लवादापर्यंत गेला. 24 फेब्रुवारी 1911 रोजी निकाल ब्रिटिशांच्या बाजूने लागला. एका थांब्यामुळे दोन साम्राज्यांना न्यायालयात उभे राहावे लागले. एडनला सावरकरांना दुसऱ्या बोटीत चढवले आणि 22 जुलैला मुंबईत उतरवले. त्या दुसऱ्या बोटीचे नाव होते 'साल्सेट'. आम्हा गोवेकरांना सासष्टी आठवते, पण हे नाव मुंबईजवळच्या साष्टीचे.

दुसरे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. 1917 साली शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे त्यांना लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागले. महायुद्ध चालू होते, समुद्रात जर्मन पाणबुड्या फिरत होत्या. ते स्वतः आगगाडीने मार्सेलिसला आले आणि तिथे 'कैसर-ए-हिंद' बोटीत बसून 21 ऑगस्ट 1917 रोजी मुंबईला सुखरूप पोहोचले. सामान आणि पुस्तकांच्या पेट्या मात्र वेगळ्या बोटीने पाठवल्या होत्या. ती बोट पाणतीराने बुडाली. पै पै वाचवून घेतलेली पुस्तके समुद्राच्या तळाशी गेली. ज्याने पुस्तकांसाठी जेवण कमी केले त्या माणसाला ही बातमी कशी लागली असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

तिसरे उदाहरण दोन्ही वाटांचे एकत्र. 1931 साली दुसऱ्या गोलमेज परिषदेला गांधीजी 29 ऑगस्टला मुंबईहून पी. अँड ओ.च्या 'राजपुताना' बोटीने निघाले आणि 11 सप्टेंबरला मार्सेलिसला उतरून आगगाडीने पुढे गेले. येताना मात्र त्यांनी इटलीची वाट धरली. वाटेत स्वित्झर्लंडमध्ये रोमाँ रोलाँ यांच्याकडे राहिले, रोमला थांबले, मुसोलिनीची भेट झाली आणि 14 डिसेंबरला ब्रिंदिसीहून लॉइड त्रिएस्तिनोच्या 'पिल्स्ना' बोटीने निघून 28 डिसेंबरला मुंबईत आले. जाताना आणि येताना कालवा तोच. पण मार्सेलिसऐवजी ब्रिंदिसी निवडले म्हणून या दोन भेटी झाल्या. एक आयुष्यभर आठवावी अशी, दुसरी नंतर टीकेचा विषय झालेली.

आणि चौथे उदाहरण कालव्याच्या तोंडावरचेच. तिसऱ्या गोलमेज परिषदेसाठी डॉ. आंबेडकर 7 नोव्हेंबर 1932 रोजी मुंबईहून 'व्हिक्टोरिया' या इटालियन बोटीने निघाले. 1931 साली बांधलेली ही मोटरबोट फार वेगवान. सातव्या दिवशी ती पोर्ट सैदला होती. 14 नोव्हेंबर 1932 ही तारीख आणि पोर्ट सैद हे ठिकाण घातलेले त्यांचे एक लांब पत्र प्रसिद्ध आहे. पुणे करारानंतर स्थापन झालेल्या अस्पृश्यतानिवारक संघाचे सरचिटणीस अ. वि. ठक्कर यांना ते लिहिलेले आहे. अस्पृश्यांना विहिरी, शाळा, गावची चावडी, सार्वजनिक वाहने यांवरचा हक्क मिळवून देण्यासाठी झगडावे, नोकरीधंद्यात समान संधी मिळवून द्यावी, सवर्ण घरांचे दरवाजे त्यांना उघडे व्हावेत आणि या कामासाठी कार्यकर्ते निवडताना अस्पृश्यांतल्या कार्यकर्त्यांना पसंती द्यावी, असे त्यांचे सांगणे होते. माणसांना एकेकट्याने सुधारण्यावर भर देणारा कार्यक्रम पुरेसा नाही, हेही त्यांनी बजावले. पत्राची साधी पोचही आली नाही, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे. पोर्ट सैदला इतर प्रवासी सायमन आर्ट्झच्या प्रसिद्ध दुकानात टोप्या खरेदी करीत, डेकवर आलेल्या जादूगारांचे खेळ पाहत. त्याच बंदरातून हे पत्र निघाले.

इथपर्यंत सगळी निवड करणाऱ्यांची, किंवा सावरकरांच्या बाबतीत सरकारने केलेल्या निवडीची गोष्ट झाली. पण ज्या बोटींतून ही माणसे गेली त्यांवर आणखी शेकडो माणसे होती, त्यांना कुणी विचारले नव्हते. ती आपली माणसे होती. पी. अँड ओ.च्या बोटींवर डेकवरचे खलाशी आणि सारंग बहुतेक रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान, नाहीतर गुजरातच्या किनाऱ्यावरचे. इंजिनाजवळ कोळसा ओढणारे पंजाबकडचे. आणि सलून, पॅन्ट्री, स्वयंपाकघर म्हणजे गोव्याचे ख्रिस्ती तारवटी. खाण्यापिण्याची बंधने नसल्याने साहेबाचे ताट वाढण्यासाठी कंपन्यांना ते सोयीचे वाटत. सासष्टी-बार्देशातल्या गावागावांतून ते मुंबईला जात, धोबी तलाव-माझगावकडच्या आपल्या गावच्या कुडीत उतरत आणि बोट मिळेपर्यंत वाट पाहत. प्रजा पोर्तुगालची, नोकरी इंग्रजांची, करारनामा लस्करांचा. म्हणजे गोऱ्या खलाशापेक्षा पगार कमी आणि झोपायची जागाही कमी.

आता 'इजिप्त' या बोटीची हकीकत सांगतो. नावच कालव्याच्या देशाचे. पी. अँड ओ.ची ही बोट 19 मे 1922 रोजी टिलबरीहून मुंबईला निघाली. पोटात दहा लाख पौंडांहून अधिक किमतीचे सोने-चांदी. कर्मचारी जवळजवळ 290, आणि प्रवासी फक्त 44. इतके कमी का? कारण बाकीचे प्रवासी आगगाडीने मार्सेलिसला येऊन तिथे चढणार होते. बिस्के टाळण्याची तीच जुनी युक्ती. 20 मेच्या संध्याकाळी ब्रिटनीच्या किनाऱ्याबाहेर उशां बेटाजवळ दाट धुक्यात 'सेन' ही फ्रेंच मालवाहू बोट तिच्यावर आदळली. वीस मिनिटांच्या आत 'इजिप्त' बुडाली. 86 माणसे गेली. त्यांत 15 प्रवासी आणि 71 कर्मचारी.

लंडनच्या वर्तमानपत्रांत ओरड झाली ती हिंदी आणि गोवेकर कर्मचाऱ्यांनी घाबरून होड्या बळकावल्याची. चौकशी न्यायालयाने मात्र कप्तानाकडेही बोट दाखवले, जीव वाचवण्याची व्यवस्था नीट राबवली गेली नव्हती. दहा वर्षांनी, 1932 साली, इटालियन पाणबुड्यांनी खोल समुद्रातून ते सोने वर काढायला सुरुवात केली. जगभर त्याचा गाजावाजा झाला, पुस्तके निघाली. आजही 'इजिप्त' म्हटले की लोकांना सोनेच आठवते.

मला या हकीकतीत तो 44 चा आकडा टोचतो. ज्यांच्या खिशात आगगाडीचे भाडे होते ते त्या संध्याकाळी मार्सेलिसच्या वाटेवर, नाहीतर अजून लंडनमध्ये आपल्या घरी होते. पॅन्ट्रीत बशा पुसणाऱ्याला टिलबरी ते मुंबई सगळी वाट बोटीतूनच करायची होती. पत्रकावर दोन वाटा छापलेल्या असल्या तरी त्याच्यासाठी वाट एकच होती.

पुढचे थोडक्यात. स्वातंत्र्यानंतरही मुंबईहून शिकायला जाणाऱ्यांसमोर निवड होतीच. पी. अँड ओ.च्या बोटी, लिव्हरपूलला जाणाऱ्या अँकर लाइनच्या बोटी, लॉइड त्रिएस्तिनोच्या नव्या 'एशिया' आणि 'व्हिक्टोरिया', आणि 1951 ते 1956 पर्यंत पोलंडची 'बातोरी'. सगळ्या कालव्यातूनच जात. 26 जुलै 1956 रोजी नासर यांनी कालव्याचे राष्ट्रीयीकरण केले. त्यानंतरच्या लढाईत तो काही महिने बंद पडला आणि त्याच डिसेंबरमध्ये पोर्ट सैदचा द लेसेप्सचा पुतळा लोकांनी सुरुंगाने उडवला. 1967 च्या युद्धात कालवा पुन्हा बंद झाला तो तब्बल आठ वर्षे, 5 जून 1975 पर्यंत. पंधरा बोटी आतच अडकून पडल्या. अँकर लाइनची मुंबईची प्रवासी सेवा 1966 मध्येच संपली होती. विमाने आली होती. कालवा उघडला तेव्हा मुंबईच्या धक्क्यावर विलायतेच्या बोटीची वाट पाहणारे फारसे कुणी उरले नव्हते.

म्हणून तर भावाची पत्रके पाहून मला गंमत वाटली. जी वाट एके काळी गरज होती, ती आता हौस झाली आहे. 2021 च्या मार्चमध्ये 'एव्हर गिव्हन' आडवी होऊन सहा दिवस कालवा अडला आणि 2023 च्या अखेरीपासून लाल समुद्रातल्या हल्ल्यांमुळे कित्येक बोटींनी पुन्हा केपचा वळसा घेतला. झेवियरची वाट अजून मेलेली नाही.

रविवारी भाऊ वहिनींना घेऊन आला तेव्हा मी चार गोष्टी सांगितल्या. पत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरात 'मार्ग बदलण्याचा हक्क कंपनीकडे राहील' असे असते ते आधी वाचा, आणि मार्ग बदलला तर पैसे परत मिळतात का ते लेखी घ्या. कालवा दिवसा पार होतो की रात्री ते विचारा, कारण रात्री गेलात तर काळोखाशिवाय काही दिसायचे नाही. दक्षिणेकडे जाताना उजव्या बाजूला हिरवळ आणि गावे, डावीकडे वाळवंट, त्याप्रमाणे खोली घ्या. आणि जमले तर मार्सेलिसची घ्या. तीन दिवस जास्त लागतील, पण चढताना तो धक्का डोळे भरून पाहता येईल.

"आणि चौथी?" वहिनींनी विचारले. मी तीनच मोजून दाखवल्या होत्या, मार्सेलिस त्यांनी धरलेच नव्हते.

मी म्हणालो, "आता पाचवीच सांगतो. रात्री जेवायला बसाल तेव्हा वाढणाऱ्याला गाव विचारा. कुंकळ्ळी, असोळणे, वेळ्ळी, कुठलेही निघेल. आजही या बोटींवर आपले लोक पुष्कळ आहेत."

भाऊ हसला. वहिनींनी मात्र पत्रक उलटून पाठचे भाडे पुन्हा वाचले आणि म्हणाल्या, "मार्सेलिसचीच घेऊ. गाव विचारायला तीन दिवस जास्त मिळतील."